आकाश तर भाटघरलाही दिसतं

या सदरातून आपण एरवी शाळाप्रवेश, शिष्यवृत्तीचे फॉर्म, भिशीचे हिशेब, लग्नातला वायफळ खर्च अशा घरच्या गोष्टी बोलतो. आज विषय विमानाचा आहे. "आपला आणि विमानाचा काय संबंध?" असे कोणी म्हणेल. माझी बहीणही हेच म्हणाली होती. म्हणून तिच्या घरापासूनच सुरुवात करतो.

माझी धाकटी बहीण भाटघरला राहते. धरणाच्या भिंतीपासून हाकेच्या अंतरावर तिची वस्ती. दाजी शिरवळच्या बाजूला कंत्राटी कामावर जातात. त्यांच्या थोरल्या मुलाला लहानपणापासून विमानाचे वेड. पुण्याला लोहगावला हवाईदलाचा तळ आहे. तिथली सुखोई विमाने कधी कधी आमच्या डोंगरांवरून जातात. आवाज कानावर आला की हे पोर ताटावरून उठून अंगणात. पुढे पुढे तर नुसत्या आवाजावरून ओळखायचे, हे हवाईदलाचे, हे प्रवासी. वहीच्या मागच्या पानांवर गणिताऐवजी विमानांची चित्रे. घरात सगळे त्याला "पायलट" म्हणून चिडवायचे. चिडवण्यात माया होती, पण आपल्यातला कोणी खरोखर त्या वाटेला जाईल असे मात्र कोणाच्या मनात नव्हते.

पोरगा बारावी सायन्स झाला. मार्क बेताचे. मग आयटीआयला फिटर ट्रेडला प्रवेश घेतला. दुसऱ्या वर्षात असताना पुण्यातल्या एका खाजगी संस्थेचे रंगीत माहितीपत्रक त्याच्या हाती पडले. पांढरा शर्ट, खांद्यावर पट्ट्या, मागे विमान. एका वर्षाचा विमान देखभालीचा डिप्लोमा, फी साडेचार लाख, आणि "शंभर टक्के नोकरी". पोराने पाच हजार भरून जागासुद्धा धरून ठेवली होती. बाकीच्या पैशासाठी बहिणीने गळ्यातले मोडायचे आणि दाजींनी सावकाराकडून उचलायचे, असे घरात ठरत आले होते.

एका रविवारी बहिणीने मला बोलावून घेतले. म्हणाली, "दादा, तू शिकलेला आहेस. याला समजाव. इमानं बघून पोट भरतंय का कोणाचं?"

दाजी म्हणाले, "पाव्हणं, पोराचं मन मोडवत नाही हो. पण साडेचार लाख म्हंजे माझी कितीतरी वर्षं हायेत."

मी बी.कॉम. झालेला कारकून. जमा-खर्चाचा मेळ मला घालता येतो. विमानातले ओ की ठो कळत नाही. पण हिशेबाचा एक नियम मला ठाऊक आहे. जो माल विकत घ्यायचा, तो आधी हातात घेऊन बघावा. मी पोराला म्हटले, "गळ्यातलं मोडायच्या आधी आपण दोघे एकदा जवळून विमान बघून येऊ. ज्यांचा तो धंदा आहे त्यांनाच विचारू." अशी आमची बंगळूरच्या आंतरराष्ट्रीय हवाई प्रदर्शनाची वारी ठरली.

हे प्रदर्शन म्हणजे 'एरो इंडिया'. बंगळूरच्या उत्तरेला येलहंका इथे हवाईदलाचा तळ आहे, तिथे ते भरते. पहिले १९९६ सालच्या डिसेंबरात भरले. आता साधारण दर दोन वर्षांनी फेब्रुवारीत भरते. आम्ही गेलो ते पंधरावे, १० ते १४ फेब्रुवारी २०२५ चे. अशी प्रदर्शने जगात बऱ्याच ठिकाणी भरतात. पॅरिसचे सर्वांत जुने, १९०९ पासूनचे. मुळात हा बाजार आहे. देश येतात, कंपन्या येतात, विमाने दाखवतात, करार करतात. म्हणून पहिले तीन दिवस व्यापाऱ्यांचे आणि अधिकाऱ्यांचे. शेवटचे दोन दिवस तुमच्या-आमच्यासाठी.

तिकिटांवरून मामा-भाच्याचा वाद झाला, तो सांगण्यासारखा आहे. नुसत्या कसरती पाहायच्या मैदानाचे तिकीट १,००० रुपये. आत जाऊन जमिनीवर उभी केलेली विमाने आणि कंपन्यांची दालने पाहायची तर २,५०० रुपये. मी म्हटले, हजाराचे काढू, दोघांचे मिळून तीन हजार वाचतील. पोरगा जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मामा, हजाराच्या तिकिटात नुसतं आकाश दिसतं. आकाश तर भाटघरलाही दिसतं. मला विमानाजवळ जायचंय."

या वाक्यापुढे माझ्यातला कारकून गप्प बसला. त्याने लग्नकार्यात वाढप्याचे काम करून जमवलेले दोन हजार पुढे केले. उरलेले मी घातले.

पुण्याहून उद्यान एक्स्प्रेसने निघालो. सोलापूर, गुलबर्गा, रायचूर करीत गाडी जाते. स्लीपरच्या डब्यात समोर एक गृहस्थ बसले होते. आम्ही विमाने बघायला निघालो म्हटल्यावर ते म्हणाले, "अहो, विमानाचा शोध आपलाच. मुंबईत तळपदे यांनी १८९५ साली चौपाटीवर विमान उडवलं होतं. राईट बंधू नंतरचे. सगळं आपल्या पोथीत लिहिलेलं आहे."

भाचा माझ्याकडे पाहू लागला. ही गोष्ट तुमच्याही कानावर आली असेल, म्हणून नीट सांगतो. शिवकर बापूजी तळपदे नावाचे गृहस्थ मुंबईत होऊन गेले आणि त्यांना विमानाचा ध्यास होता, हे खरे. पण १८९५ साली त्यांचे विमान उडाले याला त्या काळचा भरवशाचा पुरावा नाही. ज्या 'वैमानिक शास्त्र' नावाच्या पोथीचा आधार दिला जातो, ती बंगळूरच्याच भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच अभ्यासकांनी १९७४ साली तपासली. त्यांचा निष्कर्ष असा की ती पोथी विसाव्या शतकाच्या सुरुवातीची आहे, प्राचीन नाही. आणि तिच्यात वर्णन केलेली विमाने उडूच शकणार नाहीत. हे सांगणारे कोणी परके नव्हते. आपल्याच देशातले विमानशास्त्राचे प्राध्यापक होते.

आणि राईट बंधू कोण होते? सायकलींचे दुकान चालवणारे दोघे भाऊ. दोघांकडेही कॉलेजची पदवी नव्हती. १७ डिसेंबर १९०३ रोजी त्यांचे विमान पहिल्यांदा उडाले ते १२ सेकंद, १२० फूट. त्यांच्या विमानाचे इंजिन चार्ली टेलर नावाच्या त्यांच्या दुकानातल्या कारागिराने सहा आठवड्यांत बनवले. टेलरचा जन्मदिवस, २४ मे, अमेरिकेत विमान देखभाल कामगारांचा दिवस म्हणून पाळतात. मी हे सांगितले तेव्हा भाचा म्हणाला, "म्हणजे मामा, तो फिटरच की!" मला वाटते त्या रात्री सोलापूर सोडल्यावर त्याच्या डोक्यातले काहीतरी जागेवर बसले.

सकाळी येलहंक्याला पोचलो तर माणसांचा पूर. डोक्यावर टोप्या, कडेवर पोरे, गळ्यात कॅमेरे. तपासणी दोन-तीनदा. आत गेलो आणि पहिले विमान डोक्यावरून गेले तेव्हा मी खाली बसलो. खोटे कशाला सांगू? आवाज कानात नव्हे, छातीत घुसतो. भाटघरला पावसाळ्यात धरण भरले की स्वयंचलित दरवाजे उघडतात आणि पाणी कोसळू लागते. पंचेचाळीस दरवाजांचा तो धबधबा ऐकत आम्ही लहानाचे मोठे झालो, पण हा आवाज वेगळाच.

मी आवाज आला त्या दिशेला मान वळवायचो आणि तिथे काहीच नसायचे. भाच्याने माझी हनुवटी धरून पुढे वळवली. "मामा, आवाजाकडे बघू नका, आवाजाच्या पुढे बघा." त्याने हिशेब सांगितला. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. विमान तीन किलोमीटरवर असेल तर त्याचा आवाज आपल्याला नऊ सेकंदांनी ऐकू येतो. तोवर विमान कुठल्या कुठे गेलेले असते. बारावीच्या फिजिक्सला जेमतेम पास झालेल्या पोराने हे मला बोटांवर मोजून दाखवले. मार्क कमी पडणे आणि डोके कमी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपण पालकांनी लक्षात ठेवायला हवे.

त्या वर्षी रशियाचे सुखोई-५७ आणि अमेरिकेचे एफ-३५ ही दोन्ही आधुनिक लढाऊ विमाने एकाच वेळी प्रदर्शनात आली होती. असे आपल्याकडे प्रथमच घडले. सुखोई-५७ हवेत अशा गिरक्या घेत होते की पतंगालाही जमू नयेत. आपले तेजस होते. आणि हवाईदलाच्या सूर्यकिरण पथकाची नऊ लाल-पांढरी हॉक विमाने. एकमेकांपासून काही मीटरवर पंख ठेवून नऊ विमाने एकदम वळतात, तेव्हा सगळ्या मैदानाचा श्वास अडकतो. मागे धुराचे पट्टे राहतात. तो धूर इंजिनाच्या गरम झोतात डिझेल सोडून मुद्दाम केलेला असतो, हेही मला भाच्यानेच सांगितले.

एक पथक मात्र दिसले नाही. ध्रुव हेलिकॉप्टरांवर कसरती करणारे 'सारंग'. ५ जानेवारी २०२५ रोजी पोरबंदरला तटरक्षक दलाचे ध्रुव हेलिकॉप्टर पडून माणसे गेली. त्यानंतर सगळीच ध्रुव हेलिकॉप्टरे तपासणीसाठी जमिनीवर ठेवली होती. मला वाटले, प्रदर्शनाचा मोठा कार्यक्रम हुकला, पुष्कळांची निराशा झाली असेल. पण पोरगा म्हणाला, "तपासल्याशिवाय उडवायचं नाही, हा नियमच असतो मामा. प्रदर्शन असलं म्हणून काय झालं?"

दुपारी आम्ही उभ्या विमानांकडे गेलो. दोरीच्या अलीकडे आपण, पलीकडे विमान. लोक पाठ करून फोटो काढत होते. आमचा पोरगा विमानाच्या तोंडाकडे न जाता पोटाखाली वाकून बघत होता. झाकणे, स्क्रू, नळ्या, खिळ्यांच्या ओळी. तिथे एका कारखान्याच्या दालनाशी पन्नाशी उलटलेले एक गृहस्थ उभे होते. आमचे बोलणे ऐकून त्यांनी मराठीतच विचारले, "कुठले पाव्हणं?" ते निघाले निफाडकडचे. नाशिकजवळ ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना आहे. तिथे पूर्वी मिग विमाने होत, पुढे सुखोई-३० होऊ लागली. हे गृहस्थ आयटीआय करून, उमेदवारी करून त्या कामात लागले होते. ट्रेड कोणता? फिटर.

भाच्याने पाऊण तास त्यांची पाठ सोडली नाही. त्यांनीही कंटाळा केला नाही. त्यांनी सांगितलेली एक गोष्ट घरोघरच्या मुलांनी ऐकावी अशी आहे. विमानावर काम करणाऱ्याच्या हत्यारांची पेटी असते. तिच्यात प्रत्येक पान्याची, प्रत्येक स्क्रूड्रायव्हरची त्याच्या आकाराची खाच असते. काम संपले की सगळी हत्यारे आपापल्या खाचेत गेली पाहिजेत. एक खाच रिकामी दिसली तर विमान हलत नाही. सापडेपर्यंत सगळे शोधतात. कारण विसरलेला एक पाना इंजिनात गेला तर विमान आणि माणूस दोन्ही जातात. "आणि पाना हरवला तर लपवायचं नाही," ते म्हणाले. "लगेच सांगायचं. सांगणाऱ्याला बोलणी बसतात, पण लपवणाऱ्याला इथं जागा नाही."

मग मी माझा कारकुनी प्रश्न विचारला. ते माहितीपत्रक पिशवीत होतेच. त्यांनी चष्मा चढवून ते वाचले आणि एकच विचारले, "यावर डीजीसीएची मान्यता कुठं लिहिलीय?"

आम्ही उलटसुलट करून पाहिले. कुठेच नव्हती.

बंधू-भगिनींनो, हा परिच्छेद कापून ठेवा. प्रवासी विमानांची देखभाल करून सही करणारा जो इंजिनिअर असतो, त्याला सरकारचे लायसन लागते. ते नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए देते. त्यासाठी बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, गणित लागते. शिक्षण देणारी संस्था डीजीसीएच्या 'सी.ए.आर. १४७' या नियमाखाली मान्य असावी लागते. मान्य संस्थांची यादी डीजीसीएच्या संकेतस्थळावर असते. त्या यादीत नाव नसेल तर कितीही गोड बोलले तरी पैसे भरू नका. आणि यादीत नाव असले तरी नुसत्या कोर्सने लायसन मिळत नाही. डीजीसीएच्या परीक्षा द्याव्या लागतात, प्रत्यक्ष कामाचा अनुभव लागतो. एका वर्षात शंभर टक्के नोकरी, असे ज्याने छापले, त्याने यातले काहीच सांगितलेले नाही असे समजा.

दुसरी वाट कारखान्याची. हिंदुस्तान एरोनॉटिक्स आयटीआय झालेल्या मुलांना अ‍ॅप्रेंटिस म्हणून घेते. त्याला फी नाही, उलट विद्यावेतन मिळते. मात्र अ‍ॅप्रेंटिस म्हणजे कायम नोकरी नव्हे, हे आधीच समजून घ्यावे. तिसरी वाट हवाईदलाची. २०२२ पासून तिथे अग्निवीर म्हणून चार वर्षांसाठी भरती होते आणि त्यांतल्या २५ टक्क्यांपर्यंतच मुलांना पुढे कायम करतात. जाणाऱ्याने उरलेल्या पंचाहत्तरांचाही विचार करून जावे. आणि खुद्द पायलट व्हायचे तर बारावीला फिजिक्स आणि गणित हवे, व्यावसायिक लायसनसाठी २०० तासांचे उड्डाण हवे. त्याचा खर्च कित्येक लाखांच्या घरात जातो. रायबरेलीजवळ फुरसतगंजला सरकारची इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी आहे. तिथे प्रवेश परीक्षा होते, राखीव जागाही असतात. मुलगा-मुलगी हुशार असेल तर ती वाट आपली नाही असे मनात आणू नका. मात्र चौकशी आधी, पैसे नंतर.

दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीला वेळ होता. जुन्या विमानतळ रस्त्यावर हिंदुस्तान एरोनॉटिक्सचे विमान संग्रहालय आहे, तिथे गेलो. ज्यांना प्रदर्शनाचे तिकीट परवडत नाही त्यांनी बंगळूरला गेल्यावर हे जरूर पाहावे. अडीच हजाराच्या मानाने इथे खर्च अगदी किरकोळ आणि गर्दी-गडबडही नाही.

तिथे मला एक नाव भेटले. डॉ. विष्णू माधव घाटगे. कोल्हापूरकडचे, १९०८ चा जन्म. जर्मनीत गॉटिंगेनला प्रांटल या जगप्रसिद्ध शास्त्रज्ञाकडे शिकले. बंगळूरच्या विज्ञान संस्थेत १९४२ च्या अखेरीस विमानशास्त्राचा विभाग सुरू झाला, तिथे त्यांनी शिकवले. पुढे कारखान्यात येऊन एचटी-२ हे शिकाऊ वैमानिकांचे विमान घडवले. ते १९५१ साली उडाले. आराखड्यापासून आपल्या देशात तयार झालेले ते विमान. नंतरचे किरण विमान, ज्यावर सूर्यकिरण पथकाने १९९६ साली सुरुवात केली, तेही घाटग्यांच्याच हाताखाली आकाराला आले. पोथीतल्या विमानाच्या गोष्टी सगळ्यांना पाठ आणि खरे विमान घडवणाऱ्या आपल्या माणसाचे नाव कोणालाच ठाऊक नाही, याला काय म्हणावे?

आणि दुसरे नाव वालचंद हिराचंद. सोलापूरचे. या कारखान्याची सुरुवात त्यांनी डिसेंबर १९४० मध्ये केली, म्हैसूर संस्थानाच्या मदतीने. १९४१ साली इथे पहिले विमान जोडून उडवले गेले. पुढे लढाईच्या काळात सरकारने कारखाना ताब्यात घेतला. हेच ते वालचंदनगरचे वालचंद. आता नकाशा डोळ्यांपुढे आणा. इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरच्या उसाला पाणी कुठले? नीरा डाव्या कालव्याचे. आणि नीरेच्या कालव्यांना पाणी देण्यासाठीच तर इंग्रज अमदानीत, १९२० च्या दशकात, आमच्या वेळवंडी नदीवर आजची भाटघरची भिंत उभी राहिली. साडेतेवीस टीएमसी पाण्याचे धरण.

मी हे भाच्याला सांगितले तेव्हा तो बराच वेळ त्या जुन्या फोटोसमोर उभा राहिला. म्हणाला, "म्हणजे पाणी इथपर्यंत आलं, मामा. माणसंच यायची राहिली."

धरणाकाठच्या लोकांना हे वेगळे सांगायला नको. दिव्याखाली अंधार. पाणी बारामती, फलटण, इंदापूरला जाते आणि उन्हाळ्यात धरणाच्या वरच्या अंगाच्या वाड्यांतल्या बाया हंडा घेऊन उतरतात. विमानाचेही तसेच आहे. डोक्यावरून जाते ते आपल्या, पण आत जायची वाट कुठून आहे ते कोणी सांगत नाही. आणि जिथे वाट ठाऊक नसते तिथे रंगीत माहितीपत्रकवाले उभे असतात.

परत आल्यावर मी आणि दाजी त्या संस्थेत गेलो. डीजीसीएच्या मान्यतेचा कागद मागितला. आधी चहा मागवला गेला, मग साहेब बाहेर गेलेत असे झाले, मग "आमचा कोर्स वेगळा आहे" असे झाले. भरलेले पाच हजार परत मिळाले नाहीत. पण साडेचार लाख वाचले आणि बहिणीचे गळ्यातले गळ्यात राहिले. बंगळूरला आमचे दोघांचे मिळून अकरा-बारा हजार खर्च झाले. मी जमा-खर्चाचा माणूस आहे. ही वारी फायद्यात गेली.

पुढचेही सांगतो, कारण अशा गोष्टी नेहमी गोड शेवटावर आणून सोडल्या जातात आणि मग आपली मुले फसतात. पोराने आयटीआयची परीक्षा चांगल्या मार्कांनी पास केली. ओझरचा अ‍ॅप्रेंटिसचा फॉर्म भरला. यादीत नाव आले नाही. दोन दिवस जेवला नाही. सध्या तो शिरवळच्या एका कारखान्यात अ‍ॅप्रेंटिस आहे. विमानाचे नाही, गाड्यांचे सुटे भाग तिथे होतात. घरी त्याने लाकडाच्या फळीत खाचा पाडून हत्यारांची पेटी बनवली आहे. कारखान्यातले सुपरवायझर तिला हसतात, पण हत्यार सापडले नाही की त्याच्याकडेच येतात. तो पुन्हा फॉर्म भरणार आहे.

ऑक्टोबर २०२५ मध्ये ओझरला तेजस मार्क-१ए विमाने बनवायची नवी साखळी सुरू झाली आणि १७ तारखेला तिथे बनलेले पहिले तेजस उडाले. पोराने मला फोन करून सांगितले, जणू घरात पाळणा हलला. त्यानंतर महिनाभराने, २१ नोव्हेंबर २०२५ रोजी, दुबईच्या हवाई प्रदर्शनात कसरती करताना तेजस कोसळले आणि विंग कमांडर नमांश स्याल मृत्युमुखी पडले. या वेळी फोन बहिणीचा. "दादा, बघितलंस का? जळताना दाखवलं टीव्हीवर. नको ते इमान. माझं पोर शिरवळलाच बरं."

काय बोलावे सुचेना. आईच्या भीतीला आकडेवारी सांगून उपयोग नसतो. येलहंक्यालाही २०१९ साली, प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी, १९ फेब्रुवारीला, सूर्यकिरणची दोन विमाने सरावात धडकली होती आणि एक वैमानिक गेला होता. त्याच प्रदर्शनात २३ तारखेला मैदानाबाहेर वाळलेल्या गवताला आग लागून सुमारे तीनशे गाड्या जळाल्या होत्या. हे मी जाण्यापूर्वी वाचले होते आणि बहिणीला सांगितले नव्हते. आता वाटते, सांगायला हवे होते. पाना हरवला तर लपवायचा नाही, हे मामालाही लागू आहे.

पोराने आईला काय सांगितले ते तिनेच मला नंतर सांगितले. तो म्हणाला, "आई, विमान पडलं की दुसऱ्या दिवसापासून माणसं शोधायला लागतात, कुठं चुकलं. ती शोधणारी माणसं माझ्यासारखीच असतात. ती नसतील तर आणखी पडतील." बहीण म्हणाली, "दादा, मला काय पटलं नाही बघ. पण फॉर्मचे पैसे मी दिले."

आता ज्यांना हे प्रदर्शन पाहायचे आहे त्यांच्यासाठी चार शब्द. दोन वर्षांचा क्रम धरला तर पुढले २०२७ च्या सुरुवातीला यायला हवे. नक्की तारखा वर्तमानपत्रात पाहाव्यात. तिकिटे अधिकृत संकेतस्थळावरच काढा, ओळखपत्र जवळ ठेवा. लहान मुलांच्या कानात घालायला कापूस नको, औषधाच्या दुकानात मिळतात ती कानाची बुचे घ्या. टोपी घ्या, चालायला जुनी सवयीची चप्पल-बूट घाला. रेल्वेचे आरक्षण दोन महिने आधीच करून ठेवा. आणि मुलांना नेले तर नुसते विमानापुढे उभे करून फोटो काढू नका. दालनात जी साध्या कपड्यांतली, हाताला घट्टे पडलेली माणसे उभी असतात, त्यांच्याशी मुलांना बोलू द्या.

ज्यांच्या घरी असे एखादे माहितीपत्रक आले असेल, मग ते विमानाचे असो, जहाजाचे असो की परदेशी नोकरीचे, त्यांनी पैसे भरण्याआधी रविवारी संध्याकाळी विहारातल्या अभ्यासिकेत यावे. आपण मिळून ते वाचू. येताना तो कागद आणि मुलाला घेऊन या. पैसे घरीच ठेवा.